फेटा बांधलेला मायक्रोवेव्ह

मी लहान असताना आमच्या घरात वर्षातून दोनदा मटण व्हायचं, आणि दोन्ही वेळा आबांना तुकडे आवडत नसत. निदान आम्ही भावंडं तसंच समजत होतो. ते रश्शात भाकरी कुस्करायचे, वरपायचे आणि आपल्या वाट्याचे तुकडे आमच्या ताटल्यांत टाकायचे. "हाडात काय हाय, चव सगळी रश्शात," असं म्हणायचे. आम्हाला ते पटायचं, कारण पटवून घेण्यात आमचा फायदा होता.

आबा कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात हमाल होते. दिवसभर पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. आई शेंगा फोडायला जायची. संध्याकाळी तिच्या बोटांना चीर पडलेली असायची आणि त्याच बोटांनी ती भुशाची शेगडी ठासायची. एक खोली, एक मोरी, पत्र्याचं छप्पर. मी कॉलेजात गेले तेव्हा माझ्याकडं दोन साड्या होत्या, एक अंगावर आणि एक दोरीवर. तरी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात, आईच्या आणि आबांच्या दोन्ही बाजूंनी, पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि इथंही सांगितलं.

हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. मग दोन खोल्यांचं घर झालं, गॅस आला, दर रविवारी मटण यायला लागलं. पण तोवर आबांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. आता त्यांना तुकडे खरंच नको असायचे, आणि आधीचं नको खोटं होतं, हे मला आता कळत होतं.

धाकट्या बहिणीचं लग्न माझ्याआधी झालं. गल्लीत त्यावर बरंच बोललं गेलं. मला नोकरी होती, गल्लीला काम नव्हतं. बहीण दिली कुरुंदवाडला, ऊसवाल्या घरात. तिचे सासरे म्हणजे दणकट माणूस, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. लग्नानंतर त्यांच्याकडं मटणाचं जेवण झालं. आबा आपले नेहमीसारखे भाकरी कुस्करून बसलेले. व्याह्यांनी पंगतीत, सगळ्यांच्या देखत विचारलं, "व्याही, वरवरच पोहणार, का तळाला पण जाणार?"

पंगत हसली. आबाही हसले, पण तोंड मिटून.

घरी आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं त्यांनी. म्हणाले, "मला दात बसवून दे. आणि खंडेनवमीला व्याह्यांना जेवायला बोलव."

मी कवळी करून दिली. आबांनी सरावाला सुरुवात केली, एखाद्या पैलवानानं करावी तशी. आधी चपाती, मग पोहे, मग भडंग. भडंगाच्या टप्प्यावर ते बरेच दिवस थांबले, कारण शेंगदाणा कवळीखाली जायचा आणि आबा आईकडं असं बघायचे की शेंगदाणा तिनंच तिथं ठेवलाय. मटणाला मात्र त्यांनी त्या दातांनी हात लावला नाही. ते उद्घाटन व्याह्यांच्या शेजारी बसून व्हायचं होतं.

आता मायक्रोवेव्हचं सांगते, कारण ऐंशीच्या दशकात आमच्यासारख्यांच्या घरात तो कसा, हे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. भाऊ मस्कतला कामाला होता. तो गणपतीला सुट्टीवर आला आणि येताना ते धूड घेऊन आला. गल्ली बघायला लोटली. भावानं दोनच गोष्टी बजावल्या: आत स्टील ठेवून चालू करायचं नाही, आणि दार आपटायचं नाही. पहिल्याच दिवशी आईनं आत भाकरी गरम केली. भाकरीचं चामडं झालं. त्याची चप्पल शिवता आली असती, असं आबा म्हणाले. त्या दिवसापासून आईनं यंत्र बंद ठेवलं आणि त्याचं कपाट केलं. दार घट्ट, मांजर शिरत नाही, मुंगी शिरत नाही, आणि काचेतून आतलं दिसतं. असं कपाट अख्ख्या पेठेत नव्हतं.

आणि त्या कपाटात रोज रात्री आबांचे दात जायचे. डॉक्टरांनी पाण्यात ठेवायला सांगितले होते. एकदा मांजरानं भांडं पाडलं आणि कवळी मोरीपर्यंत घसरत गेली, तेव्हापासून आई झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ती घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची. मी स्टीलबद्दल बोलले तर म्हणाली, जे चालूच करायचं न्हाई त्येला काय भ्यायचं.

खंडेनवमी उजाडली. मटण सकाळीच आणलेलं, कांदे आधीच चिरून ठेवलेले, कारण एकदा पूजा झाली की घरातलं कुठलंही हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा आईचा कायदा. आईनं पाट मांडला. विळी, अडकित्ता, कातर, खलबत्ता, आबांचा पोती ओढायचा आकडा, पकड, पाना, तिन्ही स्क्रूड्रायव्हर, हातोडी, आणि माझा फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपाससुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध, टेबलासकट ओढून आणलेला, झेंडूची माळ घातलेला मायक्रोवेव्ह. बाकीची हत्यारं त्याच्यापुढं गावच्या पाटलापुढं बसावीत तशी बसलेली.

आबांनी अंघोळ केली. नवं धोतर, पांढरा सदरा. कांबीसारखा कडक इस्त्रीचा गुलाबी फेटा मांडीवर घेऊन बसले आणि आईला म्हणाले, दात दे.

आईचा हात तिच्या तोंडावर गेला.

दात आत होते. यंत्र पूजेत होतं. कुरुंदवाडची एसटी दुपारच्या जेवणाच्या बेतानं पोचणार होती. चुलीवर रस्सा रटरटत होता. गॅस आला तरी मटण आई मागल्या दारी चुलीवरच करायची.

मग धर्मचर्चा सुरू झाली. आबांना पहिली शंका आली ती फार भयंकर होती: यंत्राची पूजा झाली, म्हणजे आतल्या दातांची पण झाली का? झाली असेल तर तेही उद्यापर्यंत वापरता येणार नाहीत. आईनं विचार केला. वाटीवर झाकण होतं आणि दातांना कुंकू लागलेलं नाही, तेव्हा दात मोकळे, असा तिनं निकाल दिला. दार उघडणं म्हणजे यंत्र चालवणं नव्हे, हा दुसरा निकाल. तिनं हात जोडून देवाची माफी मागितली आणि दाराचं बटण दाबलं.

बटण आत गेलं. दार हललं नाही.

पुन्हा दाबलं. मी दाबलं. आबांनी अंगठ्यानं दाबलं, ज्या अंगठ्यानं त्यांनी आयुष्यभर पोत्यांच्या गाठी सोडवल्या होत्या. दार ढिम्म. काचेतून वाटी दिसत होती. तिच्यावर प्रकाश पडलेला, अगदी गाभाऱ्यात असावी तशी.

आबा पकड उचलायला वाकले. आई आडवी झाली. पूजेतली पकड चालवणं म्हणजे हत्यार चालवणं, त्यात दोन मतं नाहीत. स्क्रूड्रायव्हर? तोही पूजेत. हातोडी? पूजेत. घरातली जेवढी म्हणून दार उघडायची साधनं होती तेवढी सगळी त्या दारासमोर कुंकू लावून ओळीनं बसली होती, आणि एकालाही हात लावायची सोय नव्हती. मला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. आबा माझ्याकडं असे बघत होते की पदवीचा काही उपयोग आहे की नाही, आणि मी पोट धरून पाटाशेजारी बसलेली.

हसू ओसरल्यावर मी वर्गात विचारते तसं आईला विचारलं. सकाळी तू ह्याचं काय काय केलंस, पहिल्यापासून सांग.

आईनं सांगितलं. ओल्या फडक्यानं पुसलं. दार उघडलं. आत दोन बोटं कुंकू आणि गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य. बाहेर दोन बोटं. अक्षता. माळ. आणि घास भरवला.

"कुणाला घास भरवला?" मी विचारलं.

"यंत्राला. दोन तोंडं हायत की त्येला, दार लागतंय तिथं. दोन्हींत गूळ भरला."

तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी उसाच्या चरकाला गुळाचा घास द्यायची रीत, मगच चरक फिरायचा. मायक्रोवेव्हच्या चौकटीत, दाराचे आकडे जिथं अडकतात तिथं, दोन खाचा असतात. आईला ती तोंडं दिसली. भुकेली दिसली असणार, कारण तिनं हात आखडला नव्हता. चांगला मऊ, ताजा गूळ दोन्ही खाचांत ठासून तिनं दार लावलं होतं. दाराचे आकडे गुळात रुतले आणि गूळ आवळला.

एकदा रोग कळला की माझ्यासारखीला पुढचं सोपं असतं. गूळ उष्णतेनं मऊ होतो, हे सांगायला पदवी लागत नाही, पण उष्णता बाहेरून, सावकाश, काच न तडकता आणि यंत्राची वायर न लावता कशी द्यायची, ते त्या क्षणी मलाच सुचलं, आणि ते श्रेय मी कुणाला देणार नाही. आबांची कंबर शेकायची रबरी पिशवी. ती हत्यार नव्हती. ती पूजेत नव्हती. मी पाणी तापवलं, पिशवी भरली आणि दाराच्या उजव्या कडेला दाबून धरली. पण किती वेळ हातानं धरणार? बांधायला काहीतरी लांब, रुंद आणि घट्ट पाहिजे होतं.

आम्ही तिघांनीही एकदमच फेट्याकडं बघितलं.

आबांनी फेटा पुढं केला. मी पिशवीवरून, यंत्राभोवती, वेढे देत तो आवळला. दाढ दुखणाऱ्या माणसाचं तोंड बांधतात तसा मायक्रोवेव्ह दिसायला लागला, वर कुंकू, खाली झेंडू. आईला ते इतकं शोभलेलं वाटलं की तिनं फेट्याच्या उरलेल्या टोकाचा वर तुरा काढला.

आणि दारात आवाज आला, "हायत का पावणं घरात?"

व्याही लवकर आले होते. मागं विहीणबाई, हातात उसाची दोन कांडी आणि पेढ्यांचा पुडा. आबांनी झटक्यात खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि फक्त हात जोडले. व्याह्यांनी रामराम केला. आबांनी मान हलवली. व्याह्यांनी तब्येत विचारली. आबांनी मान हलवली. पाऊसपाणी, ऊस, मुलीची खुशाली, सगळ्याला मानच.

पहिल्यांदा जेवायला आलेल्या व्याह्याशी यजमान बोलत नाही, ह्याचा अर्थ आमच्याकडं एकच होतो. व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांचा तो नदीपलीकडं जाणारा आवाज खाली आला आणि त्यांनी विचारलं, "व्याही, आमचं काय चुकलं का?"

आबांच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी विसरले नाही. मुलीचं सासर. एका न उघडणाऱ्या दारापायी सोयरीक कडू व्हायची वेळ.

आई मध्ये पडली. आयुष्यात खोटं न बोललेली माझी आई भिंतीकडं बघत म्हणाली, "त्येंचं मौन हाय. नवमीचं."

व्याह्यांनी लगेच कान पकडला. माफ करा, म्हणाले, आम्हाला ठाऊक नव्हतं. मोठं अवघड व्रत. मग सुटणार कधी? आईला पुढचं खोटं सुचेना, म्हणून तिनं खरं सांगितलं. "त्ये दार उघडलं की सुटतंय."

व्याह्यांनी वळून मायक्रोवेव्ह पाहिला. गुलाबी फेटा, तुरा, कुंकू, माळ, समोर मांडलेली हत्यारं, आणि बांधलेल्या पिशवीतून निघणारी बारीक वाफ. त्यांनी टोपी सारखी केली, पुढं झाले आणि वाकून नमस्कार केला. विहीणबाईंनी पदर डोक्यावर घेऊन केला. मी मागल्या दारी पळाले. चुलीच्या धुराचं निमित्त करून तिथं मनसोक्त हसले आणि डोळे पुसून परत आले.

व्याही म्हणाले, यजमानाचं मौन सुटल्याशिवाय आम्ही पानावर बसणार नाही. झालं. तांबडा रस्सा तयार, पांढरा रस्सा तयार, भाकऱ्यांची चवड तयार, आणि आम्ही पाचही जण मायक्रोवेव्हसमोर रांगेनं बसलेलो. मटणाचा वास घरभर. व्याह्यांच्या पोटातून आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच ऐकला नाही.

पाणी गार झालं की मी पिशवी काढून पुन्हा भरायची. दुसऱ्या खेपेला विहीणबाई स्वतःच उठून पातेलं घेऊन आल्या. पुण्याचं काम, म्हणाल्या. त्यानंतर चौकटीच्या कडेनं एक तांबूस थेंब ओघळायला लागला. सावकाश, काकवीसारखा. व्याह्यांच्या नाकपुड्या हलल्या. जन्म उसात गेलेला माणूस. त्यांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि आईकडं बघितलं.

"गूळ हाय की ह्यो. चांगला हाय. पर हितं कसा?"

आईनं घासाची गोष्ट सांगितली. मान खाली घालून सांगितली, चूक झाली म्हणून. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग ते म्हणाले, "आमी बी देतो की चरकाला. पर आमच्या चरकाला दार न्हाई."

पहिली हसली ती आई. मग विहीणबाई. मग मी, आता न लपवता. आबा टॉवेलमागं हसत होते. त्यांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज मात्र एक नाही, कारण मौन. ते बघून व्याह्यांना जे हसू आलं त्यानं पाटावरचा अडकित्ता हलला. आईनं तो हात न लावता, नुसता बघून, जागेवर असल्याची खात्री करून घेतली.

हसण्यात पाणी पुन्हा गार होऊ नये म्हणून मी उठले. फेटा सोडला. पिशवी काढली. एका हाताच्या अंगठ्यानं बटण दाबून ठेवलं, दुसऱ्या हातानं दार धरलं आणि ओढलं, जोरात नाही, वहीची चिकटलेली पानं सोडवावीत तसं. खालचा आकडा सुटला. वरचा अडला. व्याही उठून माझ्यामागं उभे राहिले. मी वरच्या कोपऱ्याला नुसता तळहात गरम करून लावला, पिशवीवर दाबायचा आणि तिथं लावायचा, असं करत राहिले.

टक्.

दार उघडलं. गुळाची तार दारापासून चौकटीपर्यंत लांबली, चकाकली आणि तुटली. आत गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य, दोन बोटं कुंकू, आणि झाकणाची वाटी. विहीणबाईंनी पुन्हा हात जोडले.

आबांनी वाटी उचलली. उचलताना आत खुळखुळ वाजली. व्याही त्या वेळी छपराच्या वाशाकडं फार बारकाईनं बघत होते. विहीणबाई काहीतरी विचारणार होत्या, तर व्याह्यांनी मध्येच त्यांना उसाची कांडी कुठं ठेवायची ते विचारलं. दातांचं व्याह्यांना कधी कळलं, मौनाच्या वेळी, का गुळाच्या थेंबाच्या वेळी, ते मी पुढं कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी काढलं नाही, पंगतीत नाही आणि भांडणातही नाही. मोठ्या आवाजाचा माणूस एवढा अलगद वागू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

आबा मोरीतून परत आले ते टॉवेल खांद्यावर टाकून. फेटा ओला आणि एका कडेला गुळानं चिकट झालेला, पण त्यांनी तो तसाच बांधला. मग व्याह्यांसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "रामराम पावणं. चला, बसू."

दोघं शेजारी शेजारी बसले. आईनं वाढलं. आबांनी रश्शात भाकरी कुस्करली नाही. त्यांनी ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि तोंडात घातला. मी वाढता वाढता थांबले होते. आई ओचा धरून दारात उभी होती. आबा चावत होते. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. व्याही आपल्या पानात बघून जेवत होते आणि मध्येच, माझ्याकडं न बघता, "आमच्या व्याह्यांना आणखी वाढा," म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलली. मी स्क्रूड्रायव्हरला कापूस गुंडाळून दोन्ही खाचा साफ केल्या. तोवर मुंग्यांना त्या कपाटाचा पत्ता लागला होता, आणि तो त्यांनी पुढची कितीतरी वर्षं सोडला नाही.

पण ते नंतरचं. खंडेनवमीच्या त्या दुपारी आबांनी व्याह्यांच्या शेजारी बसून मटण चावून खाल्लं, आणि दोनदा मागून घेतलं.